दहा नंबरची गोटी

निवृत्तीच्या दिवशी हॉस्पिटलने सिस्टरना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दोन मिनिटं मागे पडतं हे त्यांनी तिसऱ्या दिवशी पकडलं, चौथ्या दिवशी ते उघडलं, आणि पाचव्या दिवसापासून ते दोन मिनिटं पुढे पळायला लागलं. तेवढं एक सोडलं, तर बाईंच्या हाताला यश होतं. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई. शेजारीपाजारी, वाणी, इस्त्रीवाला, सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. नवरा होता तोवर चारचौघांत तोही तेच म्हणायचा. आई म्हणणारी माणसं जगात दोनच उरली होती, मुलगा आणि सून.

मुलाने घेतलेली गाडी म्हणजे तो हल्लीचा क्रॉसओव्हर नावाचा प्रकार. ना धड जीप, ना धड मोटार. उंची अशी की चढताना पाय उचलावा लागतो, आणि रुबाब असा की खड्डा दिसला की गाडीच्या आधी मालकच कळवळतो. गाडीबरोबर चारशे बारा पानांचं माहितीपुस्तक आलं होतं. मुलाने ते खिडकी आपटू नये म्हणून फटीत लावून ठेवलं. मुलगा स्वभावाने गरीब, पण कशालाही त्याचं एकच उत्तर: "बघू." नळ गळतोय? बघू. पंखा कुरकुरतोय? बघू. बायकोने त्याचं नाव बघूशेठ ठेवलं होतं आणि त्या नावालाही त्याचं म्हणणं तेवढंच होतं.

गॅरेजवाल्याने एकदा दोन्ही बाजूंना एकाच मापाचे वायपर बसवून दिले. डावा काचेच्या बाहेर बोटभर लोंबत होता. सिस्टरनी तो बघितला, खिडकीतलं पुस्तक काढून घरी नेलं, पेन्सिलने खुणा करत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि पुढच्या महिन्यात जाहीर केलं, "आजपासून हा माझा पेशंट." मुलगा म्हणाला, "बघू." तोवर त्यांनी बोनेट उघडलेलं होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता सिस्टर पार्किंगमध्ये हजर. काखेत हिरव्या कापडाची गुंडाळी. थिएटरच्या जुन्या चादरीची त्यांनी ती स्वतः शिवली होती, तिला तेवीस कप्पे, आणि तेवीस कप्प्यांत तेवीस हत्यारं. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि गोट्या. गोटी म्हणजे नटावर बसते ती लोखंडी टोपी, तिला दांडा लावून नट फिरवायचा. प्रत्येक हत्यारावर लाल नेलपॉलिशचा पट्टा, म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहिलं तरी ओळख पटावी. नेलपॉलिश सुनेचं होतं आणि ते न विचारता घेतलं होतं, पण तो मुद्दा वेगळा.

टायरची हवा गाडी थंड असतानाच मोजायची. तेलाची काडी आधी पुसायची, पुन्हा बुडवायची, मग वाचायची; पहिल्या वाचनावर विश्वास ठेवणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. एसीची जाळी वर्षातून दोनदा बदलायची. पहिल्यांदा काढली तेव्हा तिच्यातून वाळलेली पानं, एक पीस आणि बघूशेठचं हरवलेलं पार्किंगचं तिकीट निघालं. हे सगळं करताना बाई कधी हात काळे करून घेत नसत. पातळ रबरी हातमोजे घालायच्या आणि ते काढतानाही असे उलटे काढायच्या की बघणाऱ्याला वाटावं, आता बाहेर जाऊन नातेवाइकांना निकाल सांगणार.

काम संपलं की मोजणी. ही मोजणी म्हणजे सिस्टरचा धर्म. थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी प्रत्येक हत्यार, प्रत्येक सुई, कापसाची प्रत्येक घडी मोठ्याने मोजतात. एकीने विचारायचं, दुसरीने बघून सांगायचं. "वाटतं" या शब्दाला तिथे बंदी होती. "आहे वाटतं" म्हणणाऱ्या एका नव्या मुलीला सिस्टरनी टाके पडलेल्या पेशंटसमोर नेऊन उभं केलं होतं आणि विचारलं होतं, "यांना सांग, काय वाटतं ते." एकदा मोठे डॉक्टर घाईत होते आणि एक घडी कमी भरली. सिस्टर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "डॉक्टर, पोट बंद होणार नाही." डॉक्टर चिडले, ओरडले, तुमची बदली करतो म्हणाले. चाळीस मिनिटांनी ती घडी सापडली, डॉक्टरांच्याच बुटाच्या तळाला चिकटलेली. तेव्हापासून नव्या मुलींना त्या एकच धडा द्यायच्या, "चूक कुणाचीही होते. पण चूक शिवायच्या आत सांगायची. शिवल्यावर सांगितली तर तो गुन्हा."

आता इतकी कडक बाई मुलाच्या घरी न जाता पार्किंगमध्येच का थांबायची, तेही सांगायला हवं. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी सुनेच्या स्वयंपाकघरातले खण लावून दिले. चिठ्ठ्यांसकट. सून संध्याकाळी खेळण्यांचं दुकान बंद करून दमून आली, चहा गाळायला गेली, तर गाळणं "छिद्रयुक्त उपकरणे" या चिठ्ठीखाली झाऱ्याशेजारी निजलेलं. सून हसरी होती, पण त्या दिवशी तिचा तोल गेला. "आई, हे घर आहे, ऑपरेशन थिएटर नाही!" वाक्य खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. सिस्टर चप्पल घालून उठल्या आणि म्हणाल्या, "या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही." सुनेने दोनदा माफी मागितली, एकदा त्यांच्या घरी जाऊन. सिस्टरनी तिला बसवलं, चहा दिला, पण शब्द काही मागे घेतला नाही. मात्र पार्किंग तळमजल्याला होतं आणि तिथे पायरी नव्हती. त्यामुळे महिन्यातून एक तास पेशंटला भेटता येई, आणि सून चहा घेऊन खाली आली तर तिच्याशी दोन शब्द बोलायला शपथेची आडकाठी नव्हती.

तर अशा एका पहिल्या रविवारी सिस्टरनी बॅटरी साफ करायला घेतली. टोकांवर पांढरी-निळी बुरशी जमली होती. दहा नंबरची गोटी लावून आधी वजा बाजूची तार सोडली, मग अधिक बाजूची, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने सगळं घासून काढलं, वर व्हॅसलीनचा हात फिरवला, आणि लावताना क्रम उलटा केला. काम देखणं झालं. मग मोजणी. "आठ नंबर? आहे. दहा नंबर? आहे. बारा नंबर? आहे." प्रश्नही त्यांचा, उत्तरही त्यांचंच. बोनेट बंद केलं, डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत तारीख टाकून "मोजणी पूर्ण" लिहिलं, आणि घरी गेल्या.

घरी गुंडाळी उलगडली तर दहा नंबरचा कप्पा रिकामा.

बाईंनी गुंडाळी झटकली. पर्स उलटी केली. चपला बघितल्या, कारण डॉक्टरांचा बूट त्यांना आठवला. मग त्या पलंगावर बसल्या. एकतीस वर्षांत पेशंटच्या पोटात काही राहिलं नव्हतं, आणि आता राहिलं तर ते मुलाच्या गाडीत. फोन उचलला, नंबर फिरवला, आणि मुलाचा आवाज ऐकल्यावर तोंडातून भलतंच निघालं. "काही नाही रे, सहज. गाडीत कसला आवाजबिवाज येत नाही ना?"

"बघू," मुलगा म्हणाला.

सांगायचं होतं, पण जीभ उचलेना. आयुष्यभर दुसऱ्यांना जो धडा दिला, तो स्वतःवर आला तेव्हा बाई नापास झाल्या. त्यांना त्याची इतकी लाज वाटली की ती लाज झाकायला त्यांनी आणखी एक बेत रचला. कुणाला काही न सांगता गोटी शोधायची.

दुसऱ्या रविवारी बाई महिना न भरताच दत्त म्हणून उभ्या. गळ्यात स्टेथोस्कोप.

"आई, आज?" सून म्हणाली.

"तुझी ती कधीची तक्रार होती ना, डिकीत सामान गडगडतं म्हणून? म्हटलं, करून टाकू. आधी जरा एक फेरी मार, मी मागे बसते."

सुनेने गल्लीतून गाडी फिरवली. गतिरोधकावरून गाडी गेली आणि मागून स्पष्ट आवाज आला, खुळ्ळ. सिस्टरनी स्टेथोस्कोप सीटच्या पाठीला लावला. डिकीत! गोटी इंजिनातून डिकीत कशी गेली, हा प्रश्न त्यांना पडला, पण शरीरात सुई कुठून कुठे फिरते हे त्यांनी पाहिलेलं होतं. परत आल्यावर डिकीचा तळ उचलला, स्टेपनी काढली, जॅकचा खण उपसला. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, "आई, तुम्ही निवांत बसून घ्या, मी हे जरा बाजूला करते" म्हणाली. चहा झाल्यावर बघतात तर गोटी नाही, आवाज नाही. पण डिकी उघडलीच आहे तर नुसती बंद कशी करायची? बाईंनी तळाला जाड लोकरी नमदा चिकटवला, फळीचे तीन कप्पे करून दिले, सामानाला अडकवायला हुक लावले. सून म्हणाली, "वा!"

तिसऱ्या रविवारी आवाज मागच्या डाव्या दारात. निमित्त, नात बालखुर्चीतून पुढच्या सीटला लाथा मारते. त्यांनी सीटच्या पाठीला धुता येईल असं कव्हर शिवून घातलं, वर नातीच्या चित्रांच्या वह्यांना खिसे केले, आणि हळूच दाराचं आतलं आवरण उघडून बघितलं. गोटी नाही. चौथ्या रविवारी आवाज डॅशबोर्डच्या खणामागे. मोबाइल ठेवायचा स्टँड लागला, चार्जिंगची वायर नीट कडेकडेने आत गेली, जाळी मुदतीआधीच बदलली गेली. पाचव्या रविवारी मधल्या हातटेक्यात. तिथे बघूशेठचे सुटे पैसे, संपलेली पेनं आणि एक चिकट गोळी सापडली, गोटी मात्र नाही. आवाजही जरा चमत्कारिकच होता. लोखंडाचा असावा असं वाटत नव्हतं. पण "वाटतं"वर बाईंचा विश्वास नव्हता, तेव्हा तो विचार त्यांनी झटकून टाकला.

एक गोष्ट मात्र घडत होती आणि ती सिस्टरच्या लक्षात येत नव्हती. सुनेने फ्रिजवर दोन वर्षं लावलेली गाडीच्या कामांची यादी, जिच्यावर बघूशेठने दोन वर्षं "बघू" म्हटलं होतं, तिची एकेक ओळ खोडली जात होती. चहाबरोबर आता जेवणाचं ताटही खाली यायला लागलं होतं. सिस्टर डिकीच्या कडेवर बसून जेवायच्या, नात शेजारी पाय हलवत बसायची, सून खालच्या स्टुलावर, आणि बघूशेठ उभ्यानेच. घर हळूहळू तीन मजले उतरून पार्किंगमध्ये आलं होतं आणि शपथ मात्र शाबूत होती. बाई घरी जाऊन रात्रभर तळमळायच्या. वहीतलं "मोजणी पूर्ण" त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सहाव्या रविवारी मंडळी सुनेच्या बहिणीकडे निघणार होती. सहा तासांचा रस्ता, अर्धा डोंगरातला, वळणावळणाचा. सिस्टर आठलाच आल्या. हवा बघितली, तेल, पाणी, ब्रेकचं ऑइल, स्टेपनी, सगळं दोनदा बघितलं. बॅगा डिकीच्या तीन कप्प्यांत शिस्तीत बसल्या. नात खुर्चीत बांधली गेली. मुलगा काच खाली करून म्हणाला, "काय सिस्टर, पेशंटला डिस्चार्ज?"

"आधी एक फेरी मार."

सिस्टर मागे बसल्या, फेरी झाली. गतिरोधक आला, गेला. आवाज नाही. दुसरा गतिरोधक. चिडीचूप. मुलगा खूश होऊन म्हणाला, "बघ आई, गेला की आवाज!"

सिस्टरनी हिशोब उलटा मांडला. आवाज येत होता तोवर ती गोटी मोकळी होती. आता आवाज नाही म्हणजे ती कुठेतरी अडकली. कुठे? पंख्यात? पट्ट्यात? उतारावर, वळणावर, ब्रेकखाली? गाडी पार्किंगमध्ये येऊन थांबली तशा त्या उतरल्या, बोनेटसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हाताची घडी घातली.

"इंजिन बंद कर. पेशंट कुठेही जाणार नाही."

"अगं आई, उशीर होतोय."

"माझी मोजणी चुकली आहे." घडी न सोडता त्या पुढे म्हणाल्या, "पाच आठवड्यांपूर्वी. दहा नंबरची गोटी आत राहिली आहे. मी वहीत पूर्ण म्हणून लिहिलं आणि ते खोटं आहे. घरी गेल्यावर कळलं, तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. शिवून टाकलं मी. तुम्ही पाच आठवडे पोरीला घेऊन त्या गाडीतून फिरलात."

आणि बाई रडल्या. सासऱ्यांच्या शब्दांनी नाही, डॉक्टरांच्या ओरडण्याने नाही, नवऱ्याच्या शेवटच्या दिवशीही लोकांसमोर नाही. पण आता पार्किंगमध्ये, बोनेटवर हात टेकून त्या ढसाढसा रडल्या. मुलाला काय करावं कळेना. "अगं, एवढीशी गोटी, काही होत नाही. बघू..."

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

सून खाली उतरली. पर्स उघडली, आत हात घातला आणि मूठ सिस्टरपुढे धरून उघडली. तळहातावर दहा नंबरची गोटी. लाल पट्ट्यासकट.

"सोमवारीच सापडली, आई. गाडीखाली पडली होती. पुढच्या भेटीत देणारच होते. पण आदल्या दिवशी तुम्ही फोनवर आवाजाचं विचारलं होतंत ना, तेव्हाच कळलं, तुम्ही महिना न भरताच शोधायला येणार."

"मग तो आवाज?"

सुनेने पर्समधून आणखी एक वस्तू काढली. दुकानातला, मूठ तोडलेला, लिंबाएवढा खुळखुळा. "दर शनिवारी जागा बदलायचे, आणि तुम्ही चहा घेत असताना हळूच काढून घ्यायचे. ब्रेकजवळ, पायाजवळ कधी ठेवला नाही, शप्पथ. आज लांब जायचं म्हणून काढून ठेवला."

बाईंचे अश्रू जागच्या जागी सुकले. आणि मग त्या जे सुटल्या ते पार्किंगमधलं मांजर पळून गेलं. "हत्यार तुझ्याकडे आणि मोजणी बाकी! पाच आठवडे! मी त्या डिकीत डोकं घालून बसले होते आणि तू मला चहा पाजत होतीस? थिएटरमध्ये असतीस तर उभी सस्पेंड केली असती!"

"तुम्ही वर येत नव्हता," सून म्हणाली. तिचेही डोळे भरले होते आणि तरी ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. "महिन्यातून एक तास खाली यायचात. मला दर रविवारी हव्या होतात. आणि यादीतली कामंही होत होती, खोटं कशाला बोलू."

सिस्टरनी नाक पुसलं. मग रागातच, पण हळू म्हणाल्या, "चूक कुठे झाली ते कळलं का तुला? मोजणी एकटीने करायची नसते. दोघी लागतात. मीच विचारत होते आणि मीच हो म्हणत होते." त्यांनी गोटी घेतली नाही. सुनेची मूठ तशीच मिटवली. "ही तुझ्याकडे ठेव. चल, उत्तरं दे."

बोनेटवर हिरवं कापड पसरलं गेलं. बघूशेठ घड्याळाकडे बघत, पण तोंड मिटून उभे राहिले. "आठ नंबर?" "आहे." "दहा नंबर?" सुनेने मूठ उघडून बघितली. "आहे." तेवीसपर्यंत सगळं बिनचूक झालं. सिस्टरनी वहीत लिहिलं, "बावीस माझ्याकडे, एक सुनेकडे. मोजणी पूर्ण." खाली सही केली आणि सून गाडीत बसली तशी वही खिडकीतून आत दिली. "तूही सही कर. यापुढे दोन सह्या." सुनेने मान खाली घालून सही केली, वही खणात गेली, आणि गाडी आवाज न करता निघून गेली. सिस्टर त्या रात्री पाच आठवड्यांनी गाढ झोपल्या.

पुढच्या रविवारी नऊला त्या आल्या तेव्हा पार्किंगमध्ये कुणीच नव्हतं. गाडी धुळीने माखलेली, पण उघडी. त्यांनी सवयीने खण उघडला, वही काढली, पान उलटलं. खाली दोन सह्या होत्या. पण वर, "मोजणी पूर्ण"च्या पुढे, सुनेच्या बारीक अक्षरात एक शब्द जास्त होता.

वाटतं.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही घेतली, गाडीचं दार आपटलं आणि त्या तरातरा निघाल्या. वहीत! लेखी! सहीसकट! पहिला मजला, दुसरा मजला, धाप लागली तरी थांबल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावर बेल दाबायला हात उचलला आणि तो हात तसाच राहिला. बाईंनी मागे वळून जिन्याकडे बघितलं. सगळ्या पायऱ्या चढून झाल्या होत्या.

दार आतून उघडलं. बेल वाजायच्या आधीच.

"या, आई," सून म्हणाली. "चहा गाळतेच आहे. गाळणं छिद्रयुक्त उपकरणांत आहे."